रणगाड्याची तारीख

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून रणगाड्याचे मॉडेल करणाऱ्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात: वेळ किती लागला आणि खर्च किती आला. मॉडेलचे खरे मोल ज्या प्रश्नावर ठरते, तो मात्र क्वचितच कोणी विचारतो. हा रणगाडा कोणत्या दिवशीचा आहे? युद्धातली गाडी एका रूपात कधीच थांबत नाही. कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना ती कोरीकरकरीत असते. जहाजातून उतरून रेजिमेंटच्या ताब्यात गेली की तिच्यावर तुकडीच्या खुणा चढतात. पहिल्या मोहिमेत तिच्या पाठीवर ताडपत्र्या, पाण्याचे डबे आणि साखळपट्ट्याचे जादा दुवे येऊन बसतात. महिन्याभरात एखादे चाक बदललेले असते, एखादा पत्रा वाकलेला असतो आणि मूळ रंगावर त्या मुलखाची धूळ बसलेली असते. म्हणून नुसते ‘शेर्मन रणगाड्याचे मॉडेल’ म्हणणे हे ‘पुण्याच्या माणसाचे चित्र’ म्हणण्याइतकेच मोघम आहे. कोणता, कुठला आणि कधीचा, हे ठरल्याशिवाय कोणता भाग लावायचा आणि कोणता रंग द्यायचा, याला उत्तरच नसते. रणगाड्याचे मॉडेल करणे हे आधी पुरावा तपासण्याचे काम आहे आणि मग हस्तकौशल्याचे, असे म्हणण्याचे कारण हे.

हे म्हणणे काहींना अतिशयोक्त वाटेल. मॉडेल म्हणजे मुलांचे खेळणे, फार तर निवृत्त माणसाचा विरंगुळा, असा आपल्याकडचा सर्वसाधारण समज आहे. पण लहान प्रमाणातली ही मॉडेल दुसऱ्या महायुद्धात थेट लष्करी उपयोगाची होती. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने देशभरातल्या शाळांकडून पाच लाख लाकडी विमाने करून घेण्याची योजना आखली. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखता यावे म्हणून सैनिकांना त्यांवर सराव द्यायचा होता. त्या विमानांचे प्रमाण ७२ ला १ होते, म्हणजे मूळच्या सहा फुटांना मॉडेलचा एक इंच, आणि विमानांच्या किटमध्ये ते आजही रूढ आहे. रणगाड्यांचे रूढ प्रमाण मात्र ३५ ला १ आहे आणि त्यामागे एवढे तर्कशुद्ध कारणही नाही. जपानमधल्या शिझुओका इथल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचे किट काढले. त्यात मोटर आणि बॅटऱ्या बसवून तो चालवायचा होता. बॅटऱ्या मावतील एवढा सांगाडा आखला गेला आणि मागाहून मोजले तेव्हा तो मूळ गाडीच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्श्याचा निघाला. पुढे त्याच मापात इतर गाड्या, सैनिक, तोफा येत गेल्या आणि जगभरच्या कारखानदारांनी ते माप उचलले. अशा रीतीने बॅटरीच्या आकारावरून ठरलेला आकडा आज एका मोठ्या छंदाचा पाया आहे.

या आकड्याचे परिणाम मात्र काटेकोर असतात. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस इथे पाच सेंटिमीटरचा होतो. शेर्मनच्या पुढच्या बाजूचे दोन इंची चिलखत दीड मिलिमीटरच्या आसपास येते. चिखल अडवणारा तीन मिलिमीटरचा पत्रा मॉडेलमध्ये एक दशांश मिलिमीटरहूनही पातळ असायला हवा. साच्यात दाबलेले प्लास्टिक इतके पातळ निघत नाही, म्हणून हौशी लोक तो भाग काढून टाकतात आणि त्याजागी रसायनाने कोरलेला पितळी पत्रा लावतात. लांबी पस्तिसाव्या हिश्श्याने घटते, पण वजन त्या आकड्याच्या घनाने, म्हणजे जवळजवळ ४३ हजारांनी भागावे लागते. तीस टनांचा शेर्मन या हिशेबाने पाऊण किलोच्या आत येतो आणि प्लास्टिकचे मॉडेल तर त्याहूनही हलके असते. त्यामुळे ते मातीच्या देखाव्यावर नुसते ठेवले तर तरंगल्यासारखे दिसते. जमीन आधी दाबून, साखळपट्टा तिच्यात किंचित रुतवून बसवला तरच डोळ्याला तीस टनांचा भास होतो. जे वजन मॉडेलमध्ये नाही, ते जमिनीवरच्या खुणांतून सुचवावे लागते.

एक ठोस उदाहरण घेऊन पुढे जाऊ: ब्रह्मदेशातले मेइक्तिला, मार्च १९४५. जनरल विल्यम स्लिम यांच्या चौदाव्या सैन्याने फेब्रुवारीच्या मध्यावर इरावती नदी ओलांडली. त्यानंतर १७ वी भारतीय डिव्हिजन आणि २५५ वी भारतीय टँक ब्रिगेड यांनी जपान्यांच्या पिछाडीला असलेल्या मेइक्तिलाकडे मुसंडी मारली. ते जपानी सैन्याच्या रसदीचे मोठे केंद्र होते आणि तिथे धावपट्ट्या होत्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गाव पडले. मग जपान्यांनीच उलटून वेढा घातला आणि महिनाअखेरपर्यंत झुंज चालू राहिली. या ब्रिगेडमध्ये प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या भारतीय रेजिमेंटा शेर्मन रणगाड्यांवर होत्या आणि रणगाड्यांच्या सोबतीला पायदळ होते बॉम्बे ग्रेनेडियर्सच्या चौथ्या बटालियनचे. या सोबतीची गरज किती होती, हे जपान्यांच्या एका डावपेचावरून कळते. जमिनीत खड्डा खणून त्यात एकेक सैनिक विमानातला बॉम्ब मांडीत धरून बसे. डोक्यावरून रणगाडा गेला की दगडाने तो बॉम्ब फोडायचा, एवढेच त्याचे काम. रणगाड्याच्या झिरीतून हे खड्डे दिसत नसत. ते शोधायला पायी चालणारे शिपाईच लागत. आता हा प्रसंग मॉडेलमध्ये उभा करायचा तर एकटा रणगाडा ठेवून भागत नाही, हे पहिले अनुमान झाले. त्याच्या आजूबाजूला पायदळ असायलाच हवे, आणि त्यांची नजर खाली जमिनीकडे हवी.

दुसरे अनुमान: कोणता शेर्मन? युद्धकाळात अमेरिकेत सुमारे ४९ हजार शेर्मन बांधले गेले आणि ते एकसारखे नव्हते. कोणाचा सांगाडा ओतीव, गोलसर. कोणाचा पत्रे वितळजोड करून केलेला, कोनदार. इंजिन जे मिळेल ते बसवले गेले. विमानाचे, दुहेरी डिझेल, फोर्डचे आठ सिलिंडरचे. या सगळ्यांत विलक्षण होते ते क्रायस्लर कंपनीचे: सहा सिलिंडरची पाच मोटारगाडीची इंजिने एकत्र जोडून केलेले तीस सिलिंडरचे धूड. ते मावावे म्हणून सांगाडा लांबवावा लागला, चाकांच्या जोड्यांमधले अंतर वाढले आणि साखळपट्ट्यात एका बाजूला ७९ ऐवजी ८३ दुवे आले. या एम४ए४ जातीचे सुमारे साडेसात हजार रणगाडे बांधले गेले. ब्रिटिशांनी त्यांना शेर्मन पाच हे नाव दिले आणि ब्रह्मदेशातल्या भारतीय रेजिमेंटांच्या छायाचित्रांत ही जात प्रामुख्याने दिसते. मॉडेलवर हा लांबीचा फरक सहा ते आठ मिलिमीटरचा आहे. दुकानात सहज मिळणारे किट बहुधा दुसऱ्याच जातीचे असते आणि त्याच्यावर डेक्कन हॉर्सच्या खुणा चिकटवून मेइक्तिलाचा रणगाडा होत नाही. सहा मिलिमीटरने काय बिघडते, असे कोणी विचारील. पाहणाऱ्याचे काही बिघडत नाही. पण त्या सहा मिलिमीटरमागे एक मोठी गोष्ट आहे: अमेरिकेकडे पुरेशी रणगाड्याची इंजिने नव्हती, मोटारगाड्यांची होती, आणि ती वापरून तिने निकड भागवली. अमेरिकी सैन्याने स्वतःसाठी दुसरी इंजिने पसंत केली आणि हे पाच इंजिनांचे अवघड यंत्र मित्रदेशांकडे रवाना केले. भारतीय सवाराच्या हाती हा लांब शेर्मन का आला, याचे उत्तर डेट्रॉइटच्या कारखान्यात आहे. लांबी चुकली की हे उत्तरही पुसले जाते.

प्रत्यक्ष जोडणीबद्दल थोडक्यात सांगणे पुरे, कारण ती संयमाची बाब आहे, गूढ काही नाही. पोलादी साच्यात वितळलेले प्लास्टिक दाबून भाग तयार होतात आणि ते एका चौकटीला लटकलेले येतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. निपरने भाग कापायचा, कापल्याची खूण कानशीने आणि बारीक पॉलिश पेपरने घासायची, साच्याची रेघ खरवडायची. इथला गोंद हा खरे तर गोंद नसतोच. ते पातळ द्रावक असते, प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवते आणि दोन भाग एकजीव होतात. भेगा पुटीने बुजवायच्या, मग प्रायमरचा हात. एअरब्रश असला तर रंगाचा थर पातळ आणि सारखा बसतो, पण चांगल्या कुंचल्यानेही उत्तम काम होते. महागडे साहित्य नाही म्हणून सुरुवातच न करणे हा बहाणा आहे. दोन पथ्ये मात्र पाळावीत. लॅकर आणि द्रावके वापरताना खिडकी उघडी आणि तोंडावर योग्य मास्क हवा. आणि कोकणात किंवा मुंबईत ऐन पावसाळ्यात लॅकर फवारू नये, दमट हवेत तो पांढुरका, धुरकट होऊन बसतो.

रंगापाशी आल्यावर मात्र एक पेच उभा राहतो. समजा, १९४३ साली कारखान्यात शेर्मनला दिलेल्या ऑलिव्ह रंगाचा मूळ डबाच हाती लागला. काळा आणि पिवळी गेरूमाती यांच्या मिश्रणातून होणारा तो काळपट हिरवा. तो जसाच्या तसा मॉडेलवर लावला तर मॉडेल बरोबर दिसेल का? नाही, ते फार काळे दिसेल. मॉडेल आपण तीस सेंटिमीटरवरून पाहतो, म्हणजे मूळ रणगाडा साडेदहा मीटरवरून पाहिल्यासारखे. मधल्या हवेमुळे लांबची वस्तू किंचित फिकी, निवळलेली दिसते. शिवाय लहान पृष्ठभागावर गडद रंग अधिकच गडद भासतो. म्हणून अनुभवी कारागीर मूळ रंगात थोडा फिका रंग मिसळतात. दुसरी अडचण उजेडाची. वस्तू पस्तीसपट लहान झाली, तरी खोलीतला प्रकाश लहान होत नाही. खऱ्या रणगाड्यावर बुरुजाच्या कडेखाली जी दाट सावली पडते, ती मॉडेलवर तितकी पडत नाही. ती रंगवावी लागते. तेलरंग पातळ करून भेगांत आणि खिळ्यांच्या कडेने सोडला की तो आपोआप खोलगट जागी ओढला जातो आणि सावली तयार होते. याला वॉश म्हणतात. उलट, कुंचला जवळजवळ कोरडा करून फिका रंग उठावांवर हलकेच घासला की कडा उजळतात. बेल्जियमचे फ्रँस्वा व्हेर्लिंडन यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत या दोन युक्त्यांची जणू शैलीच रूढ केली. पुढे, या शतकाच्या आरंभी, स्पॅनिश कारागिरांनी एकेका पत्र्यावर फिक्यापासून गडदापर्यंत रंग चढवत नेण्याची नाट्यमय पद्धत आणली.

इथे एक रास्त आक्षेप आहे. रंग मुद्दाम बदलायचा, सावल्या हाताने काढायच्या आणि वर पुराव्याच्या गोष्टी करायच्या, हा दुटप्पीपणा नाही का? माझ्या मते नाही, पण एका अटीवर. मूळ गाडी विशिष्ट अंतरावरून, विशिष्ट उजेडात जशी दिसली असती तशी दिसावी म्हणून केलेला बदल हा पुराव्याशी इमान राखूनच केलेला असतो. नकाशात रस्ता त्याच्या खऱ्या रुंदीने दाखवला तर तो दिसणारच नाही. म्हणून तो जाड काढतात आणि त्याला कोणी खोटे म्हणत नाही. पण प्रत्येक पत्र्याची एक कड झगमगती आणि दुसरी काळीकुट्ट अशी स्पॅनिश पद्धतीची टोकाची मॉडेल पाहिली, की तिथे प्रकाश कुठून येतो आहे असा प्रश्न पडतो. उत्तर सापडत नाही, कारण प्रकाश कुठूनच येत नसतो. चित्रकाराला आपले कसब दाखवायचे असते. ती देखणी असतात, स्पर्धांत बक्षिसेही मिळवतात. पण ती एखाद्या दिवसाबद्दल काही सांगत नाहीत.

पुराव्याचे पहिले साधन म्हणजे छायाचित्र, आणि ते फसवते. युद्धकाळातली बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. काही फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या, त्यांत लाल गोष्ट काळी आणि निळी पांढुरकी येते. म्हणजे ‘फोटोत गडद दिसतो, म्हणून गडद होता’ हे अनुमान कच्चे आहे. याचा सर्वांत मोठा धडा जर्मन रणगाड्यांनी दिला. युद्धाच्या पहिल्या टप्प्यातले जर्मन रणगाडे सरसकट गडद राखाडी होते, असे मॉडेलकार कित्येक दशके समजत आले. पोलंड आणि फ्रान्सच्या मोहिमांची हजारो मॉडेल त्याच एका रंगात रंगवली गेली. छायाचित्रेही तेच सांगत होती. मग थॉमस येंट्झ आणि हिलरी डॉयल यांच्यासारख्या अभ्यासकांनी मूळ जर्मन आदेश तपासले तेव्हा निघाले की १९४० च्या मध्यापर्यंत नियम दोन रंगांचा होता: दोन तृतीयांश गडद राखाडी, एक तृतीयांश गडद तपकिरी. कृष्णधवल छायाचित्रात हे दोन गडद रंग एकमेकांत मिसळून जातात. नेमके कुठे पाहायचे हे कळल्यावर तीच जुनी छायाचित्रे नव्याने पाहिली गेली आणि अनेकांत पुसटसे पट्टे दिसू लागले. पुरावा डोळ्यांसमोरच होता, कागदाशिवाय तो वाचता येत नव्हता. मॉडेलच्या छंदाला संशोधन म्हणणे ज्यांना जड जाते, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. ‘सर्वांना माहीत असलेली’ गोष्ट कागदपत्रांनी खोडून काढणे, हीच इतिहासाची रीत आहे.

मग फोटो सोडून प्रत्यक्ष गाडीच का पाहू नये? जरूर पाहावी. महाराष्ट्रातल्या वाचकांना तर ही सोय घरच्या अंगणात आहे. अहिल्यानगरला, म्हणजे कालच्या अहमदनगरला, चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ मध्ये उभारलेले रणगाडा संग्रहालय आहे. व्हॅलेंटाइन, चर्चिल, विजयंता आणि १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पाकिस्तानी पॅटन तिथे हाताच्या अंतरावरून पाहता येतात. पोलादाचा पत्रा किती जाड असतो, ओतीव बुरुजाचा पृष्ठभाग किती खरबरीत असतो, वितळजोडाची रेघ किती ओबडधोबड असते, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळते. पण संग्रहालयातल्या रंगावर भरवसा ठेवू नये. उघड्यावर उभी असलेली गाडी टिकवण्यासाठी तिला पुन्हा पुन्हा रंग द्यावाच लागतो आणि त्यात मूळ छटा दडपली जाते. जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध रणगाडा, इंग्लंडच्या बॉव्हिंग्टन संग्रहालयातला जर्मन ‘टायगर १३१’, एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी पकडला. त्याचा मूळ रंग नेमका कोणता यावर पुढे खूप खल झाला. इतकेच काय, तो ज्या टेकडीजवळ पकडला असे वर्षानुवर्षे सांगितले जाई, ती जागाही अलीकडच्या शोधात दुसरीच निघाली. वस्तू समोर उभी असूनही तिची तारीख आणि ठिकाण कागदातूनच सिद्ध करावे लागते.

आता मेइक्तिलाच्या शेर्मनवर धूळ की चिखल? ब्रह्मदेशचे युद्ध म्हटले की घनदाट जंगल, कोसळणारा पाऊस आणि चाके गिळणारा चिखल डोळ्यांसमोर येतो, आणि बहुतेक मॉडेलकार तसेच रंगवतात. पण मेइक्तिला मध्य ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात आहे. तिथे पाऊस मुळातच कमी, आणि फेब्रुवारी-मार्च तर ऐन कोरडे महिने. सपाट, खुल्या मैदानात गाड्यांचा मोठा ताफा चालत होता. अर्थ उघड आहे: रणगाड्यावर धूळ हवी, फिकट, सर्वत्र पसरलेली, आडव्या पत्र्यांवर दाट आणि सवारांचे बूट व हात जिथे सतत लागतात तिथे पुसलेली. चिखल चढवला की मॉडेल सहा महिने पुढे किंवा मागे सरकते. इथे साल, महिना आणि भूगोल मिळून रंगाचा डबा निवडतात. धुळीसाठी अगदी फिक्या मातकट रंगाचे पातळ थर देतात, किंवा कोरडी रंगभुकटी कुंचल्याने बसवतात. कमी लावणे अवघड असते, जास्त लावणे फार सोपे.

गंजाचे तर वेडच असते. नवखा मॉडेलकार साखळपट्टे तांबूस गंजाने माखतो, सांगाड्यावर ओरखड्यांची नक्षी काढतो आणि गाडी लढवय्यी दिसते म्हणून खूश होतो. हिशेब करून पाहावा. मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे मूळ गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा टवका. असे शेकडो टवके उडालेला रणगाडा कारखान्यातून दोन वर्षांपूर्वी निघालेला असणे कठीण आहे, तो भंगारातला असतो. धुराड्यासारखा सतत तापणारा भाग लवकर गंजतो, हे खरे. जिथे पाय पडतात तिथे रंग झिजतो, हेही खरे. पण साखळपट्ट्याचे काय? शेर्मनच्या पट्ट्यांचे बरेच प्रकार रबरी ठोकळ्यांचे होते. रबर गंजत नाही आणि चकाकतही नाही. चकाकतात ते फक्त दुव्यांच्या टोकांचे पोलादी जोड. शिवाय त्या पट्ट्याच्या सांध्यांत रबर असल्याने तो वरच्या बाजूला ताठ राहतो. जर्मन टायगरचा पट्टा मात्र चाकांवर झोळ पडून टेकतो. टायगरच्या सवयीने शेर्मनचा पट्टा झोळदार आणि गंजका करणे ही या छंदातली सर्वांत जास्त आढळणारी चूक असावी. खऱ्या झिजेचा आभास द्यायला एक सुंदर युक्ती आहे: खालच्या रंगावर केसांना लावायचा स्प्रे फवारायचा, त्यावर वरचा ॲक्रिलिक रंग, आणि तो वाळल्यावर ओल्या कुंचल्याने हलके घासायचे. खालचा स्प्रे पाण्याने सुटतो आणि वरचा रंग खऱ्यासारखा निघतो. युक्ती इतकी मोहक आहे की हात थांबत नाही, आणि फोटोत काय दिसत होते हे विसरायला होते.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटी. हे युद्धाचे कौतुक नाही का? मारण्याच्या यंत्राला प्रेमाने रंगवायचे, शोकेसमध्ये ठेवायचे, यात विकृती नाही का? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते उडवून लावू नये. टायगर जेमतेम साडेतेराशे बनले, शेर्मन ४९ हजार. तरी किटच्या दुकानात टायगरचा तोरा असा की युद्ध त्यानेच जिंकले असे वाटावे. यंत्राच्या रुबाबावर भाळून, ते कोणी आणि कशासाठी चालवले याकडे पाठ फिरवणारी मॉडेल भरपूर आहेत. पण ती वाईट का आहेत? कारण ती तारीख नसलेली आहेत. ‘पूर्व आघाडी, टायगर’ एवढीच पाटी लावली की कोणाचे गाव जळत होते, हा प्रश्न येत नाही. तारीख आणि ठिकाण नक्की केले की तो टाळता येत नाही. मेइक्तिलाच्या मॉडेलमध्ये बॉम्ब मांडीत घेऊन खड्ड्यात बसलेला जपानी मुलगाही येतो, रणगाड्यातले पाच जणही येतात, आणि तो खड्डा शोधत पुढे चालणारा ग्रेनेडियरही. अशा मॉडेलपुढे उभे राहून युद्ध रुबाबदार वाटणे कठीण आहे. आक्षेपाचे उत्तर मॉडेल न करण्यात नाही, अधिक नेमके करण्यात आहे. ज्याला हे जड वाटते, त्याने रुग्णवाहिका करावी, ट्रक करावा; युद्धातल्या गाड्यांत त्यांचीच संख्या मोठी होती.

‘इतके सगळे दिसणार कोणाला?’ हाही एक नेहमीचा प्रश्न. बऱ्याच जणांना दिसणार नाही, कबूल. पण मॉडेलकाराचे काम तपासता येण्याजोगे असावे, सर्वांनी तपासावे असा आग्रह नसतो. आणि त्याच न्यायाने, जिथे पुरावा नाही तिथे गप्प राहणेही आले. एखाद्या बाजूचा फोटोच उपलब्ध नसेल, तर त्या बाजूला काल्पनिक नाव किंवा आकडा रंगवण्यापेक्षा ती ताडपत्रीने झाकावी. जाणकार कारागीर हेच करतात.

आपल्याकडे या पुराव्याचाच तुटवडा आहे. जर्मन रणगाड्यांवर शेकडो पुस्तके आहेत, भारतीय रेजिमेंटांच्या गाड्यांवर फार थोडी. मेइक्तिलाला लढलेली डेक्कन हॉर्स वीस वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये, पंजाबात असल उत्तरला पॅटन रणगाड्यांसमोर उभी राहिली ती शेर्मनवरच. त्याच रणांगणावर चौथ्या ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने पॅटन फोडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ती बटालियनही तीच, मेइक्तिलाला रणगाड्यांसोबत चाललेली. पण १९६५ च्या त्या शेर्मनांवर नेमक्या कोणत्या खुणा होत्या, कोणत्या गाडीला कोणती तोफ होती, हे मॉडेलकाराला नीट सांगणारी छायाचित्रे हाताशी नाहीत. ती बहुधा घराघरांत आहेत. सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगर, पुणे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे फौजेत गेली, तिथल्या ट्रंकांत आणि अल्बमांत, कडा पिवळ्या पडलेली. आजोबा रणगाड्याला टेकून उभे असतील, मागे बुरुजावर एखादा आकडा अर्धवट दिसत असेल. अशी छायाचित्रे घरात असतील तर ती स्कॅन करा. फोटोत कोण आहे, कोणती रेजिमेंट, कोणते गाव, कोणते साल, जेवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवते तेवढे आजच विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा, आणि एक प्रत रेजिमेंटच्या केंद्राला किंवा अहिल्यानगरच्या संग्रहालयाला देऊ करा.